स्नायू जिवंत आहे का, हे तपासण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, चौदा वर्षांपासून मधुमेह. आठ महिन्यांपूर्वी मोठा अटॅक आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत दहा-बारा तास गेले. आता एक जिना चढला की धाप लागते, रात्री दोन उशा घ्याव्या लागतात, छातीत मात्र फारसं दुखत नाही. टूडी इकोत पंपिंग २८ टक्के. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज, त्यातली समोरची एलएडी सुरुवातीलाच पूर्ण बंद. किडनीचं क्रिएटिनिन १.६. एका डॉक्टरांनी बायपास सांगितली, दुसरे म्हणाले दोन-तीन स्टेंट टाकून बघू, तिसऱ्यांच्या मते समोरचा स्नायू मेलेलाच आहे, गोळ्यांवर भागवा. शेवटी सर्जननी ‘व्हायबिलिटी करून आणा’ अशी चिठ्ठी दिली. मुलगा विचारतो आहे : थॅलियम, पेट की एमआरआय? आणि रिपोर्टात ‘व्हायबल’ आलं की बायपासचा उपयोग नक्की होणार ना?

मी बावीस वर्षं न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे आणि त्यातला बराच काळ हृदयाच्या चित्रांसमोर बसण्यात गेला. सुरुवात तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून करते, कारण त्याचं उत्तर ‘नाही, नक्की असं काही नाही’ असं आहे, आणि ते कळल्याशिवाय कोणती तपासणी करायची हे ठरवण्यात अर्थ नाही.

आधी ‘व्हायबल’, म्हणजे जिवंत स्नायू, याचा नेमका अर्थ पाहू. अटॅकनंतर न हलणारी भिंत इकोवर दिसली की नातेवाइकांना वाटतं, तो भाग मेला. पण न हलण्याची कारणं तीन असू शकतात. एक, स्नायू खरंच मेला आणि तिथे वण तयार झाला. दोन, रक्तपुरवठा थोडा वेळ तुटला, पुन्हा सुरू झाला, पण स्नायू अजून सुन्न आहे. हा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपला आपण हलायला लागतो. आठ महिन्यांनंतर तुमच्या बाबांच्या बाबतीत हे कारण फारसं उरत नाही. तिसरं कारण महत्त्वाचं : रक्त सतत कमी मिळतंय, जगण्यापुरतं आहे पण काम करण्याइतकं नाही. आठवड्यातून एकदा टँकर येणाऱ्या गावात घरची बाई अंगण सारवणं बंद करते, पिण्याचं पाणी तेवढं राखते. स्नायूही तसंच करतो. आकुंचन पावण्याचं काम थांबवतो आणि जीव धरून राहतो. शहाबुद्दीन रहिमतुला या हृदयरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडून रूढ केली, तिला आपण शीतनिद्रेतला स्नायू म्हणू. अशा स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशीतले आकुंचन पावणारे धागे बरेचसे नाहीसे झालेले आणि त्या जागी ग्लायकोजेन साठलेलं दिसतं. म्हणूनच रक्त पुन्हा मिळालं तरी तो दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागत नाही. धागे पुन्हा विणले जायला कित्येक आठवडे, कधी सहा महिनेही लागतात. बायपासनंतर पंधराव्या दिवशी इको करून ‘पंपिंग वाढलंच नाही’ म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता तपासण्या. प्रत्येक तपासणी त्याच भिंतीला वेगळा प्रश्न विचारते.

थॅलियम विचारतं, तुझ्या पेशीचं आवरण शाबूत आहे का? थॅलियम शरीरात पोटॅशियमसारखं वागतं, त्यामुळे ते आत ओढून घ्यायला जिवंत पेशी लागते. खरं तर आज बहुतेक ठिकाणी ‘थॅलियम टेस्ट’ म्हणून जे करतात त्यात थॅलियम नसतंच. टेक्नेशियमला जोडलेलं सेस्टामिबीसारखं औषध असतं, जे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं. नाव तेवढं जुनं चिकटलंय. सेस्टामिबीची अडचण अशी की ते रक्ताबरोबरच पोचतं. जिथे रक्तच कमी तिथे जिवंत स्नायूही फिका दिसतो आणि वणासारखा भासतो. म्हणून व्हायबिलिटीसाठी करायची असेल तर इंजेक्शनच्या आधी नायट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध, देऊन करायला हवी. चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसेल तर विचारा.

डोब्युटामिन इको विचारतो, तुला चाबूक मारला तर हलशील का? औषधाचा अगदी कमी डोस, वजनाच्या किलोमागे मिनिटाला पाच-दहा मायक्रोग्रॅमपासून, शिरेतून देत भिंतीकडे बघत राहायचं. कमी डोसला भिंत हलायला लागली आणि डोस वाढवल्यावर पुन्हा बसली, तर समजायचं की जीव आहे पण रक्त पुरत नाही. दोन टप्प्यांत येणारं हे उत्तर बायपासनंतर सुधारण्याची सगळ्यात चांगली खूण मानतात. तपासणी स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही. पण बघणारा डोळा तयार हवा, आणि ज्या स्नायूचे धागेच गेलेत तो जिवंत असूनही चाबकाला दाद देत नाही.

एमआरआय थेट वण दाखवतो. गॅडोलिनियम, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून द्यायचं औषध, टोचून दहा-पंधरा मिनिटांनी चित्र घेतलं की वण पांढरा उजळतो आणि चांगला स्नायू काळा राहतो. भिंतीच्या जाडीपैकी आतून किती भाग पांढरा आहे हे मोजता येतं, आणि तीच या तपासणीची खरी ताकद. २००० साली आलेल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात, बायपास किंवा अँजिओप्लास्टीच्या आधी अजिबात पांढरेपणा नसलेल्या पण नीट न हलणाऱ्या भागांपैकी ७८ टक्के भाग नंतर सुधारले. जिथे तीन चतुर्थांशांहून जास्त जाडी पांढरी होती, तिथे ५८ पैकी एक. मधल्या पट्ट्यात मात्र, म्हणजे जाडीचा पाव ते अर्धा भाग पांढरा असेल तिथे, ४२ टक्के. म्हणजे जवळजवळ नाणेफेक. तिथे रिपोर्ट कितीही ठाम भाषेत लिहिलेला असला तरी तो ठाम नसतो.

राहिला पेट, माझा रोजचा धंदा. निरोगी हृदय मुख्यतः चरबीच्या आम्लांवर चालतं. रक्त, म्हणजेच ऑक्सिजन, कमी पडला की ते साखरेकडे वळतं. एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन लावलेली साखर. आधी रक्तपुरवठ्याचं चित्र घ्यायचं, मग साखरेचं, आणि दोन्ही पडद्यावर एकाखाली एक लावायची. हृदयाचे आडवे काप पडद्यावर मेदूवड्यांच्या रांगेसारखे दिसतात. वरच्या रांगेतल्या वड्याचा समोरून लचका तोडलेला आहे, म्हणजे तिथे रक्त नाही. खालच्या रांगेत त्याच जागी वडा अख्खा असेल तर स्नायू उपाशी आहे पण जिवंत आहे. दोन्ही रांगांत लचका असेल तर वण. हे न जुळणं हृदयाच्या साधारण दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर रक्तपुरवठा परत देण्याचा विचार गांभीर्याने करायचा, असा आमचा ढोबळ हिशेब.

पण पेटमध्ये एक मेख आहे आणि ती तुमच्या घरात आहे : मधुमेह. हृदयाने साखर उचलावी म्हणून त्याला आधी पटवावं लागतं. रात्रभर उपाशी ठेवायचं, सकाळी ग्लुकोज पाजायचं, मग शिरेतून थोडं थोडं इन्सुलिन देत रक्तातली साखर १०० ते १४० च्या आसपास आणायची, आणि मगच एफडीजी टोचायचं. मधुमेह नसलेल्या माणसात हे सरळ जमतं. जुन्या मधुमेहात २६० वरून २३०, २३० वरून २१० असा खेळ तासभर, दोन तास चालतो. तिकडे शिशाच्या डब्यातलं एफडीजी दर ११० मिनिटांनी निम्मं होत असतं, टेक्निशियन घड्याळाकडे बघतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, देऊन टाकू का आता?’

सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा ‘देऊन टाका’ म्हटलं होतं. साखर १९० होती. चित्र आलं ते सगळंच काळपट. मी समोरची भिंत बघितली, दोन्ही रांगांत लचका, आणि ‘वण, व्हायबल नाही’ असं लिहून मोकळी झाले. संध्याकाळी सर्जनचा फोन. ‘मॅडम, मागची भिंत इकोवर टणटण हलतेय. तुमच्या चित्रात तीसुद्धा मेलीय?’ मी पुन्हा पडदा उघडला. खरंच, जी भिंत धडधाकट होती तिनेही साखर उचलली नव्हती. मेलेला स्नायू नव्हता, बिघडलेली तयारी होती. त्या काकांना आठवड्याने पुन्हा बोलावलं, सकाळी सात वाजल्यापासून इन्सुलिन घेऊन बसलो, साखर १२८ वर आल्यावर डोस दिला. समोरच्या भिंतीचा अर्ध्याहून जास्त भाग उजळला. तेव्हापासून मी लचक्याकडे शेवटी बघते, आधी चांगल्या भिंतीकडे बघते. तुम्ही पेट केलात तर रिपोर्टात दोन गोष्टी शोधा : टोचताना साखर किती होती आणि चित्राचा दर्जा कसा होता. या दोन ओळी नसतील तर ‘व्हायबल नाही’ या शब्दांवर ऑपरेशन रद्द करू नका. ईसीजीत डावा बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा, असेल तर तेही आधी सांगा. त्यात मधला पडदा जिवंत असूनही साखर कमी उचलतो आणि फसवतो.

जाता जाता एक. एफडीजीतलं किरणोत्सर्गी फ्लोरिन सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. त्याआधी आपल्याकडे ही तपासणी पुस्तकातच होती. आज लहान शहरांतही पेटचं यंत्र आहे, पण सायक्लोट्रॉन सगळीकडे नाही. सकाळी गाडीतून निघालेला डोस चार तासांनी पोचला तर पाव हिश्श्याहूनही कमी उरलेला असतो. त्यामुळे दिलेली वेळ पाळा. ‘जरा चहा घेऊन येतो’ हे तर अजिबात नको, कारण चहातल्या साखरेने सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

आता मूळ प्रश्नाकडे : जिवंत निघाला तर बायपास उपयोगी पडणारच का?

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही बेधडक ‘हो’ म्हणायचो. त्या काळातले बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा स्नायू जिवंत असलेल्यांमध्ये बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेले रुग्ण गोळ्यांवरच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त जगलेले दिसले. पण त्या अभ्यासांत कोणाला ऑपरेशन द्यायचं हे डॉक्टरांनीच निवडलं होतं, आणि डॉक्टर तब्येतीने बरा माणूस निवडतो. शिवाय तेव्हाच्या गोळ्या आजच्यासारख्या नव्हत्या.

मग स्टिच नावाची मोठी चाचणी झाली. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले १,२१२ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले : बायपास अधिक गोळ्या, किंवा नुसत्या गोळ्या. २०११ मध्ये आलेल्या पहिल्या निकालात मृत्यूंमधला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. त्याच रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाल्यावर मात्र झाला : बायपासच्या गटात ५८.९ टक्के मृत्यू, गोळ्यांच्या गटात ६६.१ टक्के. आता व्हायबिलिटीचं. यातल्या ६०१ जणांची ती तपासणी झाली होती. स्नायू जिवंत असलेल्यांनाच बायपासचा फायदा होईल आणि मेलेल्यांना होणार नाही, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तसं दिसलं नाही. फायदा जिवंत-मेला या रेषेवर विभागला गेलाच नाही. २०१९ मध्ये त्याच रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब आला, तो आणखी चमत्कारिक होता. जिवंत स्नायूवाल्यांचं पंपिंग वाढलं, पण ते बायपासच्या गटातही वाढलं आणि नुसत्या गोळ्यांच्या गटातही. आणि पंपिंग वाढण्याचा जास्त जगण्याशी संबंध दिसला नाही.

या अभ्यासात खोट काढता येते आणि आमच्या क्षेत्रातल्यांनी ती मनापासून काढली, मीही काढली. पेट आणि एमआरआय त्यात वापरले नव्हते, आणि स्नायू जिवंत नसलेले फक्त ११४ जण होते. तरीही ‘व्हायबल नाही, म्हणून बायपास नाही’ असं दार लावून घेण्याचा आधार त्यानंतर उरला नाही, हे मान्य करावंच लागतं. आणि बायपासने जे वाचतात ते फक्त पंपिंग वाढल्यामुळे वाचतात असं नाही. पुढचा अटॅक टळणं, ठोका बिघडून अचानक मृत्यू येणं टळणं, यातही फायदा असावा. तो चित्रात दिसत नाही.

स्टेंटबद्दल दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलंय म्हणून : २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या रिव्हाइव्ह्ड चाचणीचा निकाल आला. ७०० रुग्ण, सगळ्यांचं पंपिंग ३५ किंवा खाली, आणि मुद्दाम जिवंत स्नायू दाखवता आलेलेच रुग्ण घेतलेले. स्टेंट अधिक गोळ्या घेतलेल्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण ३७.२ टक्के, नुसत्या गोळ्यांवर ३८ टक्के. म्हणजे काही फरक नाही. छातीत दुखत नसताना, फक्त पंपिंग वाढेल या आशेवर तुमच्या बाबांना तीन स्टेंट टाकायला मी तरी सांगणार नाही.

मग तुमच्या बाबांचं काय? मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण माझ्या भावाने विचारलं असतं तर मी असं सांगितलं असतं.

वय ६१, मधुमेह, तिन्ही वाहिन्या, पंपिंग २८. अशा माणसात बायपासचा विचार व्हायबिलिटीच्या रिपोर्टाआधीच सुरू होतो. लेफ्ट मेन, म्हणजे डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी, हिच्यातच मोठा ब्लॉक असेल तर स्टिचचे आकडे लागूच होत नाहीत, कारण असे रुग्ण त्यात घेतले नव्हते. तिथे बायपासचं पारडं आणखी जड होतं. सर्जनला विचारायचे खरे प्रश्न हे : ब्लॉकच्या पुढची नळी ग्राफ्ट, म्हणजे बायपासची नवी नळी, जोडण्याइतकी चांगली आहे का? हृदय किती फुगलंय? मायट्रल झडप किती गळते? किडनी ऑपरेशन सोसेल का? नळ्या चांगल्या असतील आणि सर्जन तयार असतील, तर माझा रिपोर्ट काहीही आला तरी निर्णय बदलणार नाही. मग त्यासाठी बाबांना उपाशी ठेवून पैसे का खर्च करायचे? उलट सर्जन म्हणाले, धोका बराच आहे, करावं की नाही अशा काठावर आहे, तर स्नायूचा अंदाज त्या तराजूत टाकण्यासारखा आहे. समोरची सगळी भिंत आरपार वण झालेली निघाली, तर मोठा धोका पत्करून हाती काय लागणार, हे तुम्हाला आधी कळेल.

तपासणी करायचीच ठरली तर माझ्याच दुकानाविरुद्ध बोलते : आधी एमआरआय. क्रिएटिनिन १.६ या वयाला फार वाईट नाही, गॅडोलिनियमबद्दल खरी काळजी ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा आकडा, ३० च्या खाली गेला की सुरू होते. आधी स्टेंट टाकलेला असला तरी एमआरआय चालतो, ही भीती उगाच पसरलीय. आणि बोनस म्हणजे हृदयाच्या टोकाला गाठ, म्हणजे रक्ताची गुठळी, बसली असेल तर एमआरआय ती इकोपेक्षा चांगली पकडतो. समोरच्या मोठ्या अटॅकनंतर ही शक्यता असते आणि त्यावर रक्त पातळ करण्याचं औषध बदलतं. अट एकच : बाबांना सपाट झोपून पाऊण तास काढता आला पाहिजे आणि ‘श्वास धरा’ म्हटल्यावर दहा सेकंद धरता आला पाहिजे. दोन उशांवर झोपणाऱ्या माणसाला हे लगेच जमणार नाही. आधी पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांनी धाप कमी करा, मग तारीख घ्या. ते नाहीच जमलं, किंवा एमआरआयचं उत्तर त्या नाणेफेकीच्या पट्ट्यात आलं, तर पेट.

‘समोरचा स्नायू मेलाय’ असं जे तिसरे डॉक्टर म्हणाले, ते कशावरून, हे त्यांना विचारा. ईसीजीतल्या क्यू वेव्हवरून, म्हणजे जुन्या अटॅकची खूण मानल्या जाणाऱ्या लाटेवरून, म्हणत असतील तर तेवढ्यावर भरवसा नको, क्यू वेव्हच्या मागे जिवंत स्नायू बऱ्याचदा निघतो. इकोत भिंत सहा मिलिमीटरपेक्षा पातळ आणि चकाकणारी दिसली असेल तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे. तरी २०१३ मध्ये आलेल्या एका एमआरआय अभ्यासात पातळ झालेल्या अशा भागांपैकी सुमारे १८ टक्के भागांत वण थोडाच निघाला होता, आणि रक्त मिळाल्यावर त्यातल्या काही भिंती पुन्हा जाडही झाल्या. बाबांना चालताना छातीत थोडं जरी आवळल्यासारखं होत असेल तर लपवू नका म्हणावं. मेलेला स्नायू दुखत नाही, त्यामुळे ते दुखणंही एक प्रकारचा रिपोर्टच आहे. मात्र जुन्या मधुमेहात ते जाणवतच नाही, म्हणून न दुखण्याचा अर्थ उलटा लावायचा नाही.

गोळ्यांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. बायपास होवो न होवो, चार प्रकारची औषधं चालू हवीत : सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन किंवा त्याच्या घराण्यातलं एखादं, मेटोप्रोलोल-बायसोप्रोलोल-कार्व्हेडिलोल यांपैकी एक, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. तुमच्या बाबांच्या चिठ्ठीत यातली किती आहेत आणि डोस वाढवत नेलेत का, की डिस्चार्जच्या दिवशीचाच डोस आठ महिने तसाच चालू आहे? किडनी आणि पोटॅशियम बघत बघत डॉक्टरच हे वाढवतील, स्वतःहून मेडिकलमधून आणून सुरू करू नका. तीन महिने नीट डोसवर राहूनही पंपिंग ३५ च्या वर गेलं नाही तर आयसीडी, म्हणजे ठोका बिघडल्यास झटका देणारं यंत्र, हा विषय निघेल. ते बसवल्यावर एमआरआय अवघड होतो, म्हणून एमआरआय करायचा असेल तर त्याआधी.

सर्जनकडे जाताना अँजिओग्राफीची सीडी न्या, नुसता छापील कागद नको. इकोचेही व्हिडिओ मागून घ्या, बरीच केंद्रं मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि बाबांना बरोबर न्या. तीन डॉक्टरांची मतं तुम्ही कळवलीत, त्यांना स्वतःला काय वाटतं ते मात्र प्रश्नात कुठेच नव्हतं.